पन्नासपैकी सत्तावीस : घरच्या स्ट्राँग बिअरची परीक्षा

(तृतीय वर्ष, केमिकल)

शीर्षक वाचून आमच्या रेक्टर मॅडमच्या भुवया नक्की उंचावल्या असणार. म्हणून आधीच खुलासा करते. लेखिकेचं वय वीस. महाराष्ट्रात ह्या वयात बिअर पिणं कायद्याला मान्य नाही आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख ‘कशी बनवावी’ किंवा ‘कशी प्यावी’ ह्यावर नाही. तो एका प्रश्नावर आहे : चव मोजता येते का? आणि येत असेल, तर मोजणारं यंत्र, म्हणजे आपलं नाक आणि जीभ, कुठपर्यंत भरवशाचं?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो माझ्या मावसभावामुळे. दादा अमेरिकेत ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला असतो. तिथे घरी बिअर बनवायला कायद्याची परवानगी आहे. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनी त्या कायद्यावर सही केली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन (साधारण ३८० लिटर), घरात दोन प्रौढ असतील तर २०० गॅलन. अट एकच, विकायची नाही. इंग्लंडमध्ये ही मोकळीक त्याआधीच, १९६३ साली मिळाली होती.

दादाला २०२२ मध्ये मुलगी झाली आणि त्याच्या डोक्यात एक जुनी इंग्रजी पद्धत घुसली. तिकडच्या मोठ्या जमीनदार घरांत मूल जन्मलं की त्या वर्षी एक जबरदस्त कडक बिअर बनवून पिंपात भरून ठेवत आणि ते मूल एकवीस वर्षांचं झालं की पिंप फोडत. दादाने त्याच वर्षी ‘बार्ली वाईन’ बनवली. नावात वाईन असली तरी द्राक्ष एकही नाही बरं का! ही बिअरच, फक्त वाईनइतकी कडक. मुलगी एकवीसची होणार २०४३ मध्ये, आणि अमेरिकेत बिअर पिण्याचं कायदेशीर वयही एकवीसच. सगळा हिशोब कसा फिट्ट बसला होता.

घरी आलेल्या प्रत्येक मित्राने ती चाखून ‘मस्त!’ म्हटलं. फुकटची बिअर, दुसरं काय म्हणणार? पण २०२३ मध्ये दादाने दोन बाटल्या एका स्पर्धेला पाठवल्या आणि निकाल आला : पन्नासपैकी सत्तावीस. मावशीने इकडून फोन केला, “म्हणजे सेकंड क्लास? पोराला कशात कमी केलं ते मला मराठीत सांग.” त्या गुणपत्रिकेचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथून माझा अभ्यास सुरू झाला.

आधी हायड्रोमीटर

स्ट्राँग म्हणजे किती? हे मात्र जिभेने सांगायचं नसतं, मोजायचं असतं. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालायचं. पुढचं समीकरण आपण बारावीतच पाठ केलंय : एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. १८० ग्रॅम साखरेतून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. साखर पाण्याला जड करते, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे यीस्टचं काम होत जातं तशी घनता उतरते.

दादाची सुरुवातीची सापेक्ष घनता होती १.०९६ आणि शेवटची १.०२४. घरगुती बिअरवाल्यांचं साधं सूत्र असं : दोन्हींतला फरक गुणिले १३१.२५. म्हणजे ०.०७२ × १३१.२५ = ९.४५. साधारण साडेनऊ टक्के अल्कोहोल. इतक्या जड बिअरला हे सूत्र किंचित कमी उत्तर देतं, पण अंदाजाला पुरे. इंग्लिश बार्ली वाईनची चौकट ८ ते १२ टक्के, त्यात ती नीट बसते.

म्हणजे स्ट्राँग असण्यात दादा पास झाला होता. मग तेवीस गुण गेले कुठे?

गुणपत्रिका

घरगुती बिअरच्या परीक्षकांची तिकडे एक संस्था आहे, बीजेसीपी, १९८५ पासूनची. तिचा तक्ता जगभर वापरतात. त्यात पन्नास गुण असे वाटलेले आहेत. कंसात दादाला मिळालेले :

गंध : १२ (६)
रूप, म्हणजे रंग, नितळपणा, फेस : ३ (३)
चव : २० (१०)
तोंडातला भार, ज्याला ते माउथफील म्हणतात : ५ (३)
एकूण परिणाम : १० (५)

४५ च्या वर अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, त्याखाली कामचलाऊ आणि १४ च्या आत गेली तर काहीतरी गंभीर बिघडलंय.

ह्या वाटणीकडे नीट बघा. दिसण्याला फक्त तीन गुण! गंधाला बारा, आणि चवीचे जे वीस त्यातही निम्मं काम नाकाचंच. जीभ स्वतः गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. बाकी सगळं घशामागून नाकात जाणाऱ्या वाफेतून कळतं. (शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा ना, टोकाला गोड आणि मागे कडू? तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे लागतात.) खात्री करायची असेल तर नाक दाबून जिऱ्याचे दाणे चावा आणि मग नाक सोडा.

तपासायची पद्धतही आपल्या लॅबसारखी ठरलेली आहे. ग्लास तोंडाशी अरुंद, म्हणजे वास आत कोंडून राहतो. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. नमुना दोन-तीन औंस, म्हणजे ६० ते ९० मिलिलिटर. बार्ली वाईन फ्रीजमधून काढल्या काढल्या तपासत नाहीत, साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसला तपासतात, कारण थंड द्रवातून वास देणारे रेणू कमी उडतात. बर्फासारखी थंड बिअर आपले दोष लपवते. ओतल्या ओतल्या आधी वास घ्यायचा, कारण काही वास मिनिटभरात उडून जातात. मग रंग, मग घोट. घोट गिळायचा, थुंकायचा नाही, कारण मागे रेंगाळणारी चव आणि घशातली ऊब गिळल्यावरच कळते. मग ग्लास तळव्यात धरून जरा गरम करायचा आणि पुन्हा वास. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव. अंगाला परफ्युम नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : कागद भरून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चेहराही वाकडा करायचा नाही! कारण शेजारच्याने ‘केळं’ म्हटलं की आपल्यालाही केळंच लागायला लागतं. गुण लिहून झाले की मग चर्चा.

दोषांची भाषा

दादाच्या कागदावर दोन्ही परीक्षकांनी वेगवेगळे बसून एकच लिहिलं होतं : पिकलेल्या केळ्याचा वास जास्त, त्यामागे नेलपॉलिशसारखा उग्रपणा, आणि घोट गिळल्यावर ऊब नाही तर जळजळ.

मावशीसाठी हे लिहिताना मला एक गंमत कळली. मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी घरचं आणि मेसमधलं. पण चवीच्या शब्दांत आपली भाषा किती श्रीमंत आहे! परीक्षकांच्या पुस्तकात ‘तुरट’ समजवायला चार ओळी खर्च केल्यात. आपल्याला आवळा म्हटलं की झालं. खवट, कुबट, करपट, आंबूस, मिळमिळीत, गोडमिट्ट... ह्यातला प्रत्येक शब्द बिअरच्या एखाद्या दोषाला किंवा गुणाला चपखल बसतो.

प्रत्येक दोषामागे एक रसायन असतं आणि त्यामागे एक कारण. थोडक्यात सांगते :

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास : डायअॅसिटिल. यीस्टला आपलं काम पुरं करायला वेळ मिळाला नाही, किंवा जिवाणू शिरले.
हिरव्या सफरचंदाचा वास : अॅसिटाल्डिहाइड. बिअर कच्ची राहिली.
ओल्या पुठ्ठ्याचा वास : ऑक्सिजन लागला. जुनी बार्ली वाईन मात्र ऑक्सिजनमुळे मनुकांसारखी, शेरी वाईनसारखी लागते आणि ते थोडं असेल तर गुणच मिळतात.
उकडलेल्या मक्याचा वास : डायमिथाइल सल्फाइड. उकळणं कमी पडलं.
सोया सॉसचा वास : मेलेलं यीस्ट फुटून त्यातला ऐवज बिअरमध्ये उतरला.
पिकल्या केळ्याचा वास : आयसोअमाइल अॅसिटेट. नेलपॉलिशचा : इथाइल अॅसिटेट. घशातली जळजळ : फ्युसेल, म्हणजे इथेनॉलपेक्षा मोठ्या रेणूंची अल्कोहोल.

शेवटच्या ओळीतली तिन्ही दादाकडे हजर, आणि तिन्हींचं नेहमीचं कारण एकच : यीस्टला गरमी झाली. खोलीचं तापमान २१ अंश होतं, पण आंबणं ही उष्णता बाहेर टाकणारी क्रिया. जितकी साखर जास्त तितकी उष्णता जास्त. पहिल्या दोन दिवसांत आतला द्रव २६ अंशांवर गेला होता. आपल्या रिअॅक्टर डिझाइनच्या पेपरात कूलिंग जॅकेट विसरलं की मार्क जातात, अगदी तसंच.

ऊब आणि जळजळ ह्यातला फरकही शिकण्यासारखा आहे. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर आपल्या तोंडातला जो ग्राहक ‘आग’ म्हणून ओरडतो, त्यालाच इथेनॉल हळवं करतं. त्यामुळे साडेनऊ टक्क्यांच्या बिअरमध्ये घशाला थोडी ऊब लागणारच, तो दोष नाही. पण फ्युसेल वाढली की ऊब जाऊन चरचर येते. चांगली बार्ली वाईन आपली ताकद लपवते : आधी टॉफी, मनुका, भाजलेल्या पावाचा खरपूस वास, मग हॉप्सचा कडूपणा त्या गोडीला तोलून धरतो आणि सगळ्यात शेवटी ऊब. पहिल्या घोटात ‘बाप रे, कडक आहे!’ एवढंच कळलं तर ती स्ट्राँग आहे, चांगली नाही.

आता दादापुढे खरा प्रश्न उभा राहिला. बाटल्या २०४३ पर्यंत ठेवायच्या की नाही? जुन्या बार्ली वाईन टिकतात हे खरं. इंग्लंडमध्ये डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप कंपनीने १९६८ मध्ये ‘थॉमस हार्डीज एल’ काढली, ती पंचवीस वर्षं सुधारत जाईल अशा बोलीवर. वेळ कडूपणा उतरवतो, कोपरे घासतो. पण बूच मारलेल्या बाटलीतून फ्युसेल पळून जाणार कुठे? वेळ चांगल्या बिअरला आणखी चांगली करतो, बिघडलेलीला दुरुस्त करत नाही. मित्रांच्या ‘मस्त’वर विश्वास ठेवला असता, तर हे एकवीस वर्षांनी मुलीसमोर कळलं असतं.

बाराजणांची साक्ष

दादाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा बनवली, पण ह्या वेळी इंजिनिअरसारखी. एकच माल्ट, एकच यीस्ट, एकाच दिवशी उकळलेलं पाणी, दोन भांड्यांत निम्मं निम्मं. एक भांडं जुन्या फ्रीजमध्ये, कंट्रोलर लावून १८ अंशांवर. दुसरं मागच्यासारखंच खोलीत. फरक फक्त तापमानाचा.

सहा महिन्यांनी ‘त्रिकोणी चाचणी’. ही पद्धत डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांनी १९४० च्या दशकात वापरात आणली. माणसाला तीन ग्लास द्यायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता, एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता एकतृतीयांश. बाराजणांत अंदाजाने चार बरोबर येतीलच, मग किती आले म्हणजे फरक खरा? बायनॉमियलने मी आकडेमोड केली : सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ६.६ टक्के, आठ किंवा जास्त १.९ टक्के. म्हणजे पाच टक्क्यांची रेघ मानली तर किमान आठ हवेत. दादाच्या बारापैकी नऊजणांनी वेगळा ग्लास ओळखला. अंदाजाने असं व्हायची शक्यता ०.४ टक्के. तापमानाचा फरक जिभेला कळतो, सिद्ध!

(एम-थ्रीला कंटाळलेल्यांसाठी : आपल्याला छळणारी ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’सुद्धा बिअरच्या कारखान्यातूनच आलीय. गिनेसमधल्या विल्यम गॉसेटने ती १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने छापली. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, हीच त्याची अडचण होती.)

त्रिकोणी चाचणी फरक आहे एवढंच सांगते, चांगलं कोणतं ते नाही. त्यासाठी पुन्हा तोच पन्नास गुणांचा कागद. थंडीत वाढलेल्या बिअरला ३६ मिळाले. मावशीच्या हिशोबाने डिस्टिंक्शन! त्या बाटल्या आता अंधाऱ्या कपाटात आहेत, २०४३ ची चिठ्ठी लावून. आधीच्या दादा स्वयंपाकात संपवतोय.

यंत्र कुठे थांबतं

आता हॉस्टेलच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक यंत्राला मर्यादा असते. ह्याला दोन आहेत.

पहिली : कडक बिअर मोजणाऱ्यालाच बिघडवते. थर्मामीटर गरम पाण्यात घातला म्हणून तो खोटं बोलायला लागत नाही, पण नाक-जीभ लागतात. साडेनऊ टक्क्यांच्या ६० मिलिलिटरमध्ये साधारण साडेचार ग्रॅम अल्कोहोल. असे दहा नमुने झाले की ४५ ग्रॅम, आणि दहाव्याचे गुण कोण देतंय? परीक्षक की आधीचे नऊ? म्हणूनच हलक्याकडून कडकाकडे जायचं आणि नमुना घोटभरच. हेच गणित आपल्याकडच्या बाटलीला लावा. भारतात ५ टक्क्यांच्या वर आणि ८ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला ‘स्ट्राँग’ म्हणतात. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिलिलिटर, साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचा एक प्रमाण पेग धरला तर एका बाटलीत चार! ‘एकच तर बिअर’ म्हणणाऱ्याने हा आकडा कॅल्क्युलेटरवर करून बघावा.

दुसरी मर्यादा जीवघेणी आहे. मिथेनॉल जिभेला कळत नाही. दिसायला इथेनॉलसारखंच, वासही जवळजवळ तसाच. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं, डोळ्याची नस जाते आणि मग जीव. जव आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. विषारी दारूत ते बाहेरून मिसळलेलं असतं, कारखान्याचं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसं गेली. त्यांतल्या कुणाची जीभ कमी पडली असं नाही, ते जिभेचं कामच नव्हतं. ते काम गॅस क्रोमॅटोग्राफचं. म्हणून कुठलीही बेनाव दारू ‘चाखून बघतो, ठीक लागली तर घेतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याला इथेच थांबवा. चाखणं चांगल्या-वाईटाचा निकाल देतं, सुरक्षिततेचा नाही.

हॉस्टेलवर करून बघा

एकही थेंब न लागता ही विद्या शिकता येते. आम्ही लेडीज हॉस्टेलवर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात कापसावर एकेक वास ठेवला : लोणी, पिकलं केळं, हिरवं सफरचंद, नेलपॉलिश, ओला पुठ्ठा, सोया सॉस, व्हिनेगर, उकडलेला मका. बाटल्यांना नंबर, उत्तरं एका मैत्रिणीकडे. पहिल्या दिवशी आठपैकी तीन-चारच ओळखता येतात. वास ओळखीचा असतो, नाव मात्र ओठांवर येऊन अडतं! आठवडाभराने बहुतेकींची सात-आठपर्यंत मजल गेली. नाक तेच होतं, कॅलिब्रेशन झालं.

दुसरा प्रयोग : मेसचा चहा आणि गेटवरच्या टपरीचा चहा. सारखे कप, सारखं तापमान, बाराजण, त्रिकोणी चाचणी. आठजणांनी ओळखलं तर टपरीवाल्याची बढाई खरी. सातच आले तर मेसच्या काकांची माफी मागा.

आणि तिसरा, जरा अवघड. पुढच्या वेळी मैत्रिणीने तिचा प्रोजेक्ट, कविता किंवा पहिल्यांदा केलेली भाजी पुढे ठेवून “कशी झालीय?” विचारलं, तर ‘मस्त’ म्हणायच्या आधी मनात पाच रकाने आखा. कुठे गुण दिले, कुठे कापले आणि का, तेवढं सांगा. दादाला त्या दोन अनोळखी परीक्षकांनी ‘वाईट’ म्हटलं नव्हतं. त्यांनी ‘केळं, नेलपॉलिश, जळजळ, तापमान बघ’ असं लिहिलं होतं. त्या एका ओळीवर त्याला पुढची बॅच नीट करता आली.